नावाआधीचे अक्षर : घरगुती स्मरणिकेची पार्श्वभूमी
त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत साध्या गृहस्थाचे नाव, गाव, भाऊ आणि मुलगे सापडतात आणि श्राद्धात तीन पिढ्यांपर्यंत त्याचा उच्चार होतो. पण तो गणपतीचे मखर कसे करी किंवा पेटी कशी वाजवी, हे लिहायला तिथे रकानाच नव्हता. वर्तमानपत्रातील निधनवार्तेनेही ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ एवढ्यावरच त्याची बोळवण केली.

संगणकावरची अक्षरजुळणी घरखर्चात बसू लागली, तशी वर्षश्राद्धाला छोटेखानी स्मरणिका काढणे सोपे झाले. पुठ्ठ्यातून कापलेल्या कमानीचे छायाचित्र, नातीच्या बारशाला रचलेला पाळणा, वाणसामानाच्या यादीमागे पेन्सिलीने काढलेला देवघराचा आराखडा असा ऐवज तिच्यात येतो, आणि माणूस खरा भेटतो तो तिथेच.

अडते ते मुखपृष्ठावर. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शिवलोकी गेलेला. वारकऱ्यांच्या घरी त्याऐवजी ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लागते, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ रुळले, तर मराठी मुसलमान आणि ख्रिस्ती घरांसाठी ‘पैगंबरवासी’ व ‘ख्रिस्तवासी’ हे शब्द आहेत. कोणत्याच पंथाचा नको म्हणून ‘दिवंगत’ सुचवले जाते खरे, परंतु ‘दिव्’ म्हणजे स्वर्ग, तेव्हा तोही माणसाला स्वर्गातच पोचवतो. आयुष्यभर देव न मानलेल्या वडिलांच्या नावाआधी मुलांनी काय छापावे, याचे उत्तर या यादीत नाही.

याहून अवघड प्रश्न पत्नीच्या नावाचा आहे, कारण स्मरणिका त्याची असली तरी मनोगताखालच्या सहीतले ‘सौ.’ तिचे जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांपुढे तो कित्ता ठेवला. मात्र वर्षही उलटले नसताना, एप्रिल २०२३ मध्ये, एका मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव पुढे केला आणि टीका होताच तो केवळ चर्चेसाठी असल्याचा खुलासा केला. जुन्या लग्नपत्रिकांतले ‘गं. भा.’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना या शब्दात सन्मान कुठे आहे हे कळणे कठीणच होते.

पाट्या रंगवणाऱ्या एका गृहस्थाच्या मुलांनी तोडगा काढला. वडिलांनी दारावरच्या पाटीसाठी स्वतः रेखलेली स्वतःच्या नावाची अक्षरे त्यांनी मुखपृष्ठावर जशीच्या तशी छापली आणि आतल्या पानावर आईचे नावही कोणत्याही उपपदाविना ठेवले.