डुलणारा ठेका आणि डळमळणारा ठेका: स्विंग व ह्यूमनाइझ यांतला फरक

डीप हाऊस, म्हणजे यंत्रांवर घडवलेले शांत बाजाचे नृत्यसंगीत, करू लागलेल्या बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांत एकच तक्रार असते: किक (मोठ्या ड्रमचा ठोका) जागेवर आहे, क्लॅप (टाळीचा आवाज) जागेवर आहे, कॉर्ड्सही (एकत्र वाजणारे स्वर) गोड लागल्या आहेत, तरी ठेका कोरडा वाजतो. सॉफ्टवेअरमध्ये त्यावर स्विंग आणि ह्यूमनाइझ असे दोन उपाय हाताशी असतात. दोन्ही ठोक्यांना ग्रिडच्या, म्हणजे वेळेच्या समान आखणीच्या, रेषेवरून हलवतात, म्हणून दोन्हींचे काम एकच असे समजून पुष्कळ जण दोन्ही थोडे थोडे लावून मोकळे होतात. मराठीत मात्र या दोन परिणामांसाठी दोन वेगळी क्रियापदे तयार आहेत: स्विंगमुळे ठेका डुलतो आणि ह्यूमनाइझचा हात सैल सुटला की तो डळमळतो.

चार बीटच्या एका बारमध्ये सोळा घरे असतात. डीप हाऊसची नेहमीची मांडणी घेतली, तर किक १, ५, ९ आणि १३ या घरांत, क्लॅप ५ आणि १३ मध्ये, आणि दोन किकच्या बरोबर मधोमध, म्हणजे ३, ७, ११ आणि १५ या घरांत, उघडा हाय-हॅट (ड्रमसंचातली झांज) पडतो. सोळाव्या भागांचा स्विंग फक्त सम क्रमांकाच्या घरांतल्या ठोक्यांना उशीर करतो आणि दर खेपेस तेवढाच करतो. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली होती; पुढे १९८८ मध्ये अकाई कंपनीबरोबर त्यांनी घडवलेल्या एमपीसी६० या यंत्रामुळे स्विंग टक्क्यांत मोजण्याची रीत घरोघरच्या स्टुडिओंत रुजली. या मोजणीत ५० टक्के म्हणजे दोन सोळावे भाग अगदी समान, तर ६६ टक्क्यांच्या आसपास आठव्या भागाचे तीन समान तुकडे होऊन दुसरा ठोका तिसऱ्या तुकड्याच्या आरंभी पडतो, म्हणजे लय उघड उघड तिस्र होते. ढोलकीवर केरवा धरणारा हात सरळ आणि तिस्र यांच्या मधल्या ज्या जागेत रमतो, तीच जागा इथे आकड्यांत मांडलेली आहे.

आकडे प्रत्यक्ष पाहिले की किती बारीक गोष्टीबद्दल आपण बोलत आहोत हे ध्यानात येते. मिनिटाला १२० बीट या गतीत एक बीट ५०० मिलिसेकंदांची आणि सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. ५४ टक्के स्विंग दिला की सम घरातला ठोका १० मिलिसेकंद उशिरा येतो, ५८ ला २०, ६२ ला ३० आणि पूर्ण तिस्र लयीत सुमारे ४२. डीप हाऊससाठी मी स्वतः ५४ ते ५८ या पट्ट्यात थांबतो. त्यापुढे ठेका उड्या मारू लागतो. तसा ठेका गराज या नृत्यसंगीताच्या प्रकारात शोभून दिसतो, पण लांबट कॉर्ड्सच्या आणि शांत बेसच्या गाण्यात तो घाई केल्यासारखा वाटतो.

याच गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि शिकवताना ती बहुधा सुटते. वर सांगितलेल्या मांडणीत किक, क्लॅप आणि उघडा हॅट हे सगळे विषम घरांत आहेत, म्हणून त्या मांडणीवर स्विंगचा खटका कितीही फिरवला तरी एकही ठोका हलत नाही. आधी सम घरांत काहीतरी वाजले पाहिजे: सोळाही घरांत चालणारा शेकर (खुळखुळ्यासारखे वाद्य), चौथ्या किंवा दहाव्या घरातला अगदी दबका रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका), किकच्या आधीच्या घरातून येणारा बेसचा छोटा स्वर. डीप हाऊसचा झोका या दबक्या ठोक्यांत राहतो आणि किक त्याला फक्त खुंटी देते. ज्यांना स्विंग ऐकूच येत नाही, त्यांनी खटका फिरवण्याआधी शेकर घालून पाहावा.

ह्यूमनाइझचे तसे नाही. तो घरांचा सम-विषमपणा पाहत नाही. दिलेल्या मर्यादेत प्रत्येक ठोका कधी पुढे, कधी मागे, फासे टाकल्यासारखा सरकवतो. यामागे अशी समजूत असते की माणूस चुकतो म्हणून त्याचे वादन जिवंत वाटते. ही समजूत मला पटत नाही. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन येथील भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले होते की वादकाचे ठोके घड्याळापासून ढळतात तेव्हा ते ढळणे सुटेसुटे नसते. आत्ताच्या चुकीचा माग पुढे कितीतरी ठोक्यांपर्यंत टिकतो, आणि ऐकणाऱ्यांनाही अशा एकमेकींना धरून असलेल्या चुका फाशांच्या चुकांपेक्षा अधिक भावतात. तबल्याच्या साथीला बसलेल्या कोणालाही हे अनुभवाने ठाऊक असते: हात जरा मागे रेलला की तो काही आवर्तने तसाच रेललेला राहतो, एका मात्रेला मागे आणि पुढच्या मात्रेला पुढे असा तो भरकटत नाही. साधा ह्यूमनाइझ नेमका तसा भरकटतो.

शिवाय या संगीताचा जन्मच यंत्रांवर झाला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर शिकागोत डीप हाऊसचे एक आद्य निर्माते लॅरी हर्ड ज्या ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर काम करत होते, त्यांत फाशांचा ह्यूमनाइझ कामाला नव्हता. हर्ड त्याआधी बँडमध्ये ड्रम वाजवत असत. कोणता ठोका दाबायचा, कोणता गाळायचा आणि कोणत्या ठोक्यावर वजन द्यायचे ही ड्रम वाजवणाऱ्याची जाण यंत्राच्या काटेकोर ग्रिडवरही उतरते, आणि डीप हाऊसची ऊब मला तिथूनच येताना ऐकू येते.

ह्यूमनाइझ लावू नये अशी पहिली जागा म्हणजे किक आणि बेस. किक दर खेपेस पाच-सात मिलिसेकंद इकडेतिकडे झाली, तर बेसच्या स्वराशी तिची गाठ प्रत्येक बीटला वेगळी पडते. खालच्या पट्टीतल्या लहरी एकदा एकमेकींना बळ देतात, एकदा एकमेकींना खातात, आणि किक कधी भरीव तर कधी पोकळ वाजते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका गाण्यात मी दोन रात्री ईक्यू आणि कंप्रेसर (आवाजाचा पोत आणि चढउतार सावरणारी साधने) लावून ही पोकळ किक सावरत बसलो होतो. शेवटी वेव्हफॉर्म (पडद्यावरचे ध्वनिलहरींचे चित्र) मोठा करून पाहिला तेव्हा सगळ्या चॅनेलवर ह्यूमनाइझ चालू असल्याचे दिसले. किक आणि बेसवरून तो काढताच त्यातला एकही कंप्रेसर लागला नाही.

वेळेऐवजी जोरावर, म्हणजे व्हेलॉसिटीवर, लावलेला ह्यूमनाइझ मात्र खरा उपयोगी पडतो. शेकरच्या सोळा ठोक्यांना आधी हाताने चढउतार द्यावा, विषम घरे भारी आणि सम घरे हलकी, आणि मग त्यावर थोडासा फासा टाकावा, म्हणजे एकच सँपल (रेकॉर्ड केलेला आवाज) यंत्रासारखे पुन्हा पुन्हा वाजत असल्याची जाणीव जाते. ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवरच्या कॉर्डमधले चार स्वर एकाच क्षणी न वाजता किंचित मागेपुढे झाले तर तेही कानाला सुखावते, कारण चार बोटे एकदम कधीच पडत नाहीत.

लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) कानावर पडत असताना दोन्ही ओळखायचे असतील तर दोन बार लागोपाठ ऐकावेत. स्विंगचा झोका पहिल्या बारमध्ये जसा, तसाच दुसऱ्यात येतो, म्हणून अंग त्याची वाट पाहू शकते. फाशांचा ठोका वाट पाहू देत नाही. एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे: ह्यूमनाइझ केलेला एकच बार गोठवून त्याचा लूप केला, तर त्या चुका दर बारला तशाच परत येतात आणि त्यांचाच एक घाट तयार होतो. तो गोड लागला तर खुशाल ठेवावा.

एबलटन या संगीत घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रूव्ह, म्हणजे ठेक्याच्या झोक्याचे साचे, ठेवणाऱ्या ग्रूव्ह पूलमध्ये ‘टायमिंग’ आणि ‘रँडम’ हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात, म्हणून तिथे गोंधळ सर्वाधिक होतो. ‘टायमिंग’ निवडलेल्या ग्रूव्हचा घाट किती प्रमाणात लागू करायचा ते ठरवतो, ‘रँडम’ फासे टाकतो. एमपीसीच्या ५८ चा ग्रूव्ह घेऊन ‘टायमिंग’ ५० वर ठेवला, तर २० ऐवजी १० मिलिसेकंदच उशीर होतो. प्रत्येक सॉफ्टवेअरची स्विंगची मोजपट्टी वेगळी असल्याने दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उतरत नाही, तो मिलिसेकंदांत बदलून घ्यावा लागतो.

तयार पर्कशनचा लूप आणला असेल तर त्यात वाजवणाऱ्याचा झोका आधीच असतो. त्यावर पुन्हा स्विंग लावला की सम घरे दुप्पट मागे पडतात. अशा वेळी मी लूपला हात लावत नाही, त्याच्यातूनच ग्रूव्ह काढून तो शेकरला आणि बेसला देतो, आणि किक ग्रिडवर तशीच राहू देतो.