दोन यामाहा: पियानोवाली कोणती आणि मोटरसायकलवाली कोणती?

पियानोवर यामाहा, मोटरसायकलच्या टाकीवर यामाहा, बोटीच्या इंजिनावर यामाहा, गिटारच्या माथ्यावरही यामाहा. मग ही सगळी एकच कंपनी का? वाद्य घेणारा हा प्रश्न कुतूहलाने विचारतो. शेअर घेणाऱ्याला मात्र याचं उत्तर पैसे लावण्याआधीच ठाऊक असायला हवं. कंपन्या दोन आहेत. मूळ एक, नाव एक, बोधचिन्हही जवळजवळ एक, पण चूल वेगळी.

वाद्यं बनवते ती यामाहा कॉर्पोरेशन. तिचं मुख्यालय जपानच्या शिझुओका प्रांतातल्या हामामात्सु शहरात आहे. मोटरसायकली बनवते ती यामाहा मोटर. ती शेजारच्याच इवाता शहरातून चालते. संचालक मंडळं वेगळी, हिशेब वेगळे आणि टोकियोच्या बाजारातले शेअरही वेगळे. पुढे सोयीसाठी एकीला वाद्यवाली म्हणतो आणि दुसरीला मोटरवाली.

पुष्कळांचा समज असा असतो की मोटरसायकलींवर बक्कळ पैसा कमावल्यावर कंपनीने हौसेने पियानो करायला घेतले. घडलं नेमकं उलटं. 1887 साली हामामात्सुच्या एका प्राथमिक शाळेतला अमेरिकी बनावटीचा रीड ऑर्गन बिघडला. हे वाद्य आपल्या पेटीच्याच कुळातलं, भात्यातल्या हवेवर पट्ट्या वाजवणारं. तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा यांना बोलावलं. ते संगीतकार नव्हते. घड्याळकाम शिकलेले, वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारे कारागीर होते. ऑर्गन उघडून पाहिल्यावर असा आपणही बनवू शकू, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो बनवलाही. मग तो एका दांडीला टांगून, साथीदाराबरोबर दोन टोकं खांद्यावर घेऊन, हाकोनेचे डोंगर ओलांडत सुमारे 250 किलोमीटरवरच्या टोकियोला नेला. तिथल्या संगीत संस्थेने वाद्य तपासलं आणि सूर नीट लागलेले नाहीत, असा निकाल दिला. तोराकुसु तिथेच राहिले, महिनाभर संगीतशास्त्र शिकले, परत येऊन दुसरा ऑर्गन केला, आणि तो पसंतीस उतरला. या कंपनीच्या सगळ्या इतिहासात मला हा एक महिना सर्वांत मोलाचा वाटतो. हाताला कसब होतं, कानाला नव्हतं, आणि ते त्यांनी कबूल केलं. पुढे 1898 मध्ये कंपनीने नादकाटा, म्हणजे सूर जुळवायचा ट्यूनिंग फोर्क, आपलं चिन्ह म्हणून घेतला. ते मला या महिन्याशी नातं सांगणारं वाटतं.

1897 मध्ये रीतसर कंपनी झाली तेव्हा तिचं नाव यामाहा नव्हतं. ते होतं 'निप्पोन गाक्की सेइझो'. निप्पोन म्हणजे जपान, गाक्की म्हणजे वाद्य, सेइझो म्हणजे निर्मिती. 1900 मध्ये उभे पियानो आणि 1902 मध्ये ग्रँड पियानो बनू लागले. यामाहा हे वाद्यांवरचं नाव होतं, कंपनीचं नव्हतं.

मोटरसायकलचं बीज लाकडातून आलं. पियानोसाठी लाकूड वाकवणं, चिकटवणं, सुकवणं यात हात बसलेल्या या कारखान्याने 1921 मध्ये विमानांचे लाकडी पंखे बनवायला घेतले, पुढे धातूचेही. दुसरं महायुद्ध संपल्यावर ती यंत्रसामग्री पडून राहिली. 1950 मध्ये गेनिची कावाकामी अध्यक्ष झाले, आणि पडून असलेल्या यंत्रांवर काय करता येईल या विचारातून मोटरसायकलचं इंजिन पुढे आलं. जर्मन 'डीकेडब्ल्यू' कंपनीच्या 125 सीसी गाडीच्या धर्तीवर 'वायए-1' तयार झाली. तिच्या रंगामुळे जपानी लोक तिला लाल चतुर (उडणारा चतुर कीटक) म्हणू लागले. 1 जुलै 1955 रोजी या कामासाठी वेगळी कंपनी काढली, तीच यामाहा मोटर. त्याच महिन्यात फुजी पर्वताच्या चढाईच्या शर्यतीत 'वायए-1' आपल्या गटात पहिली आली.

घोळाचं मूळ इथे आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. 1955 मध्ये लेकीने 'यामाहा' हे कंपनीचं नाव म्हणून लावलं, तेव्हा आई अजून निप्पोन गाक्कीच होती. आईने स्वतःचं नाव बदलून यामाहा केलं ते 1887 च्या त्या ऑर्गनपासून शंभरी भरल्यावर, 1987 मध्ये. म्हणजे 32 वर्षं 'यामाहा' नावाची कंपनी म्हणजे मोटरसायकलची कंपनी, आणि पियानोची कंपनी दुसऱ्याच नावाची! जगाच्या डोक्यात मोटरसायकल आधी बसली यात नवल नाही.

जुनं वाद्य घेणाऱ्यांच्या एका नेहमीच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. आतल्या लेबलावर 'निप्पोन गाक्की' लिहिलंय, म्हणजे वाद्य नकली का? नाही. 1987 आधीच्या वाद्यावर हेच नाव असणार. 1966 मध्ये आलेल्या 'एफजी-180' गिटारचं लाल लेबल आणि त्यावरचं 'निप्पोन गाक्की' संग्राहक मुद्दाम शोधत फिरतात.

आता चिन्ह. दोघींचं चिन्ह म्हणजे वर्तुळात एकमेकांत गुंफलेले तीन नादकाटे. फरक बारीक आहे. वाद्यवालीच्या चिन्हात काट्यांची टोकं बाहेरच्या वर्तुळाच्या आतच थांबतात, मोटरवालीच्या चिन्हात ती वर्तुळाच्या कडेला जाऊन भिडतात. एकदा डोळ्याला हे कळलं की मग चुकत नाही.

वस्तूंवरून ओळखायला गेलं तर मात्र फसगत होऊ शकते. पियानो, गिटार, ड्रम, सॅक्सोफोन, सिंथेसायझर, मिक्सर, घरातला ऑडिओ हे वाद्यवालीचं. मोटरसायकल, स्कूटर, बोटीची आउटबोर्ड इंजिनं, 1993 मध्ये बाजारात आलेली विजेची साथ असलेली 'पास' सायकल हे मोटरवालीचं. इथपर्यंत सोपं आहे. पण कारखान्यातले यंत्रमानव आणि सर्किट बोर्डावर बारीक सुटे भाग बसवणारी यंत्रंही मोटरवालीची, आणि महागड्या मोटारींच्या आतली लाकडी सजावट मात्र वाद्यवालीची, कारण लाकडाला पॉलिश करायची विद्या पियानोकडे होती. गोल्फचं उदाहरण तर मजेशीर आहे. मैदानात फिरायच्या गाड्या मोटरवालीने केल्या, आणि चेंडू मारायचे क्लब अनेक वर्षं वाद्यवालीने.

दोघी एकाच वस्तूत भेटल्याचीही उदाहरणं आहेत. 1967 मध्ये विक्रीला आलेल्या 'टोयोटा 2000जीटी' गाडीच्या इंजिनावर मोटरवालीने काम केलं आणि डॅशबोर्डचं लाकूड वाद्यवालीकडून आलं. त्यानंतर चार दशकांनी टोयोटाच्याच लेक्सस या महागड्या ब्रँडची 'लेक्सस एलएफए' आली. 2010 ते 2012 या काळात तिच्या फक्त 500 गाड्या बनल्या. तिचं 4.8 लिटरचं व्ही-10 इंजिन टोयोटाने मोटरवालीबरोबर विकसित केलं, आणि इंजिनाचा आवाज चालकाच्या कानाला कसा लागावा यासाठी वाद्यवालीच्या ध्वनितज्ज्ञांची मदत घेतली. इंजिनाच्या आवाजाला वाद्यासारखं सुरात लावायचा हा विचार मला फार आवडतो. 2015 मध्ये तर दोघींच्या रचनाकारांनी कामंच अदलाबदल केली. वाद्यांच्या रचनाकारांनी मोटरसायकलची कल्पना काढली, मोटरसायकलवाल्यांनी वाद्यांची.

म्हणजे नातं तुटलेलं नाही. तरी गुंतवणूक करणाऱ्याने 'नातं आहे' आणि 'मालकी आहे' यांत गल्लत करू नये. यामाहा मोटर आज वाद्यवालीची उपकंपनी नाही. तिच्यातला मोठा हिस्सा पूर्वी वाद्यवालीकडे होता. 2007 मध्ये त्यातला बराच भाग विकला, आणि पुढेही तो कमी होत गेला. त्यामुळे पियानो कंपनीचा शेअर घेतला की मोटरसायकलच्या धंद्यातही आपला वाटा आला, हा हिशेब चुकीचा आहे.

टोकियोच्या बाजारात शेअर नावापेक्षा आकड्याने ओळखला जातो, ते बरंच आहे. यामाहा कॉर्पोरेशनचा आकडा 7951, यामाहा मोटरचा 7272. हे दोन आकडे लिहून ठेवा, निम्मा घोळ तिथेच मिटतो. उरलेला घोळ तारखांचा. वाद्यवालीचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, मोटरवालीचं 31 डिसेंबरला. म्हणून 'पहिल्या तिमाहीचा नफा' असं वाचलं तर एकीच्या बाबतीत ते एप्रिल ते जून असतं आणि दुसरीच्या बाबतीत जानेवारी ते मार्च. दोघींचे निकाल शेजारी ठेवून तुलना करणारे इथे हमखास चुकतात.

जुन्या किमती पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. दोघींनीही अलीकडे एका शेअरचे तीन केले, पण वेगवेगळ्या वेळी. मोटरवालीने 1 जानेवारी 2024 पासून, वाद्यवालीने 1 ऑक्टोबर 2024 पासून. त्याआधीची छापील किंमत आणि आजची किंमत समोरासमोर ठेवली तर शेअर कोसळल्यासारखा दिसेल. तो कोसळलेला नाही, त्याचे तुकडे झाले आहेत. जपानी बाजारात शेअर साधारणपणे 100 च्या पटीत घ्यावे लागतात, तेव्हा विभाजनाने लहान गुंतवणूकदाराला दार थोडं उघडलं एवढंच.

आकारात लेक आईच्या कितीतरी पुढे गेली आहे. मोटरवालीची 2024 ची विक्री अडीच लाख कोटी येनच्या वर होती, वाद्यवालीची मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात सुमारे 46 हजार कोटी येन. दोघींचं नशीबही वेगवेगळ्या वाऱ्यांवर हलतं. मोटरवालीसाठी आग्नेय आशियात दुचाकी किती खपतात आणि अमेरिकेत बोटींची इंजिनं किती जातात हे मोठं. वाद्यवालीसाठी पालक मुलांना पियानो शिकवायला घालतात की नाही हे मोठं. चीनमध्ये पियानोची मागणी गेल्या काही वर्षांत घसरली, तेव्हा त्याचा चटका हामामात्सुला बसला, इवाताला नाही. येनचा भाव मात्र दोघींनाही छळतो किंवा तारतो, कारण दोघींची बरीच विक्री जपानबाहेरची. माझं मत विचाराल तर, दोघींपैकी एक 'स्वस्त' आणि दुसरी 'महाग' ही तुलनाच फारशी उपयोगाची नाही. वाद्यवालीची तुलना वाद्य बनवणाऱ्यांशी करावी, मोटरवालीची होंडा-सुझुकीशी.

पियानो घेणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. पहिला, माझा पियानो कुठे बनला? यामाहाचे पियानो जपानात काकेगावा इथे बनतात, तसेच इंडोनेशिया आणि चीनमध्येही. अनुक्रमांकाची सुरुवात 'जे' ने असेल तर पियानो इंडोनेशियातला. 'जे' म्हणजे जपान असं समजून पुष्कळ जण खूश होतात, म्हणून मुद्दाम सांगतो. त्याच अनुक्रमांकावरून पियानोचं वर्षही काढता येतं, त्यामुळे जुना पियानो बघायला गेलात की आधी झाकण उघडून तो आकडा टिपून घ्यावा.

दुसरा प्रश्न जपानातल्या घरांतून निघून परदेशी विकल्या जाणाऱ्या जुन्या पियानोंचा. कंपनीचं म्हणणं असं की जपानी हवेसाठी सुकवलेलं लाकूड फार कोरड्या हवेत त्रास देऊ शकतं. अनेक ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारे कारागीर, हे मानत नाहीत. मला वाटतं, कुठून आला यापेक्षा आज कसा आहे हे पाहावं. सुरांच्या खुंट्या घट्ट आहेत का, साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा नाद वाढवणाऱ्या लाकडी फळीला, तडा आहे का, हातोड्यांचा नमदा किती झिजलाय. एखाद्या अनुभवी ट्यूनरला तासभर दाखवला की कळतं.

तिसरा प्रश्न व्हिएन्नाच्या परंपरेतल्या ब्योझेनडॉर्फर पियानोंचा: तेही यामाहाच का? 1828 पासूनची ही कंपनी 2008 मध्ये वाद्यवाली यामाहाच्या मालकीची झाली. तिचे पियानो मात्र अजून ऑस्ट्रियातच बनतात, आणि त्यांचा आवाज यामाहाच्या पियानोंसारखा नाही. आवाजात यामाहा कमी पडते असा याचा अर्थ कुणी काढू नये. युलियाना अवदेयेवा यांनी 2010 ची वॉर्सातली शोपॅन स्पर्धा यामाहाच्या 'सीएफएक्स' पियानोवर जिंकली होती.

नावावरून नातं गृहीत धरायची सवय किती फसवी असते, हे पाहायलाही हामामात्सुच योग्य. त्याच शहरात सुझुकी नावाच्या दोन कंपन्या आहेत. एक मोटारी आणि मोटरसायकली बनवणारी, मिचिओ सुझुकी यांच्या मागांच्या कारखान्यातून वाढलेली. दुसरी हार्मोनिका आणि मेलोडियन (फुंकून वाजवायचं पट्ट्यांचं छोटं वाद्य) बनवणारी, 1953 मध्ये सुरू झालेली. शहर एक, आडनाव एक, एकीकडे गाड्या आणि दुसरीकडे वाद्यं, तरी या दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. आणि कावाई, जिचं नाव अगदीच वेगळं, तिचे संस्थापक कोइची कावाई मात्र तोराकुसुंच्या हाताखालीच पियानो शिकले आणि 1927 मध्ये बाहेर पडले.

कधी शिझुओकाला गेलात आणि हे सगळं डोळ्यांनी पाहावंसं वाटलं, तर कुठे उतरायचं ते आधी ठरवा. जुने ऑर्गन आणि पियानो पाहायचे तर हामामात्सुच्या मुख्यालयातलं 'इनोव्हेशन रोड' संग्रहालय, आणि लाल रंगाची 'वायए-1' पाहायची तर इवाताचा 'कम्युनिकेशन प्लाझा'.