गोलातला टी

१९७०च्या दशकात ब्रिटनच्या संरक्षण खात्याने पाण्याखाली उतरणाऱ्या आपल्या जवानांसाठी रोलेक्स सबमरिनर या घड्याळाची एक वेगळी आवृत्ती बनवून घेतली. ती दुकानात कधी विकायला आलीच नाही. संग्राहक तिला 'मिलसब' म्हणतात. काटे तलवारीच्या पात्यासारखे, डायलभोवतीच्या कड्यावर, म्हणजे बेझेलवर, साठच्या साठ मिनिटांच्या खुणा, आणि पट्टा ओवायच्या दांड्या घड्याळाच्या धातूच्या कवचालाच कायमच्या पक्क्या, म्हणजे पाण्याखाली दांडी निसटून घड्याळ तळाशी जायला नको. मागच्या झाकणावर सरकारी बाण आणि क्रमांक: ०५५२ने सुरू झाला तर नौदलाचं, डब्ल्यू१०ने तर लष्कराचं.

माझी नजर मात्र आधी डायलच्या खालच्या भागातल्या छोट्या गोलावर जाते. त्यात इंग्रजी टी असतो. टी म्हणजे खुणांच्या चमकत्या रंगातलं ट्रिटियम, हायड्रोजनचं किरणोत्सारी भावंड. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळले की स्फटिक उजळतात. गढूळ काळ्या पाण्यात बाहेरच्या उजेडाशिवाय वेळ दिसते ती अशी. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे की घड्याळाची काचही ओलांडू शकत नाहीत.

ट्रिटियमचा साठा दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. १९७५च्या डायलमध्ये आज जेमतेम सोळावा हिस्सा उरलाय. म्हणून अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारून बघावं: जुना रंग क्षणभर उजळून विझतो. बराच वेळ लखलखत राहिला, तर कुणीतरी नवा रंग भरलाय. जुन्या तुपासारखे पिवळसर झालेले ते मंद ठिपके मला नव्या चकाकीपेक्षा शतपटीने मोलाचे वाटतात. ते कृपा करून पुन्हा रंगवून घेऊ नका.

त्याआधीच्या घड्याळांत रेडियम असायचं, आणि इथे सावध राहायला हवं. रेडियममधून सुटणाऱ्या अल्फा कणांच्या माऱ्याने स्फटिक खराब होतात, चमक जाते. पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. विझलेली डायल म्हणजे निरुपद्रवी डायल, हा समज साफ चुकीचा. गामा किरण काचेतून बाहेर येतात, शिवाय रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. अशी घड्याळं बंद कपाटात, झोपायच्या खोलीत साठवू नयेत. घरी झाकण तर मुळीच उघडू नये. रंगाची भुकटी श्वासातून आत गेली की अल्फा कणांना अडवायला ना काच उरते, ना कातडी.

ही काळजी तेव्हाही होती. ब्लाँपँ या स्विस कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या काही 'फिफ्टी फॅदम्स' घड्याळांवर सहाच्या जागी किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह आहे, आणि त्यावर फुली.