जिओकॅशिंग : साताऱ्याच्या वनवाटांवर

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने ठिकाण गाठून तिथे लपवलेला डबा हुडकण्याचा छंद आहे. डबा ठेवणारा त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. शोधणारा फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन तिथवर जातो, डब्यातल्या वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून परततो. आतली एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर निदान तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, असा रिवाज आहे. जागा शोधायला किती अवघड आणि वाट किती खडतर, हे १ ते ५ अशा दोन वेगळ्या श्रेणींनी आधीच कळवलेले असते.

अमेरिकी सरकार नागरी जीपीएस संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती मे २००० च्या आरंभी बंद झाली आणि शंभरेक मीटरपर्यंत भरकटणारी जागा एका रात्रीत वीसेक मीटरच्या आत आली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवून तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली आणि या छंदाला सुरुवात झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या छंदाचे संकेतस्थळ सुरू केले.

रानाच्या दृष्टीने कळीचा भाग शेवटच्या दहा-पंधरा मीटरांचा. फोन डब्यावर बोट ठेवत नाही. तो एका वर्तुळात आणून सोडतो. दाट झाडीखाली किंवा कड्याला लागून संदेश अडतात, खडकावरून परावर्तित होतात आणि वर्तुळ फुगते. त्या वर्तुळात माणसे दगड उलटतात, झुडपे बाजूला सारतात, गवत तुडवतात. दहा जणांनी तेच केले की तिथे नवी पायवाट उमटते आणि पावसाळ्यात तिच्यातून माती वाहू लागते. म्हणून डबा रुळलेल्या वाटेच्या हाताशी, ओळखू येईल अशा खुणेजवळ असावा. तो जमिनीत पुरायचा नाही आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, हे संकेतस्थळाचे नियमच आहेत. खाद्यपदार्थही डब्यात चालत नाहीत, कारण वासाने जनावरे येतात.

साताऱ्याला हा छंद लावून पाहायचा तर शहराच्या डोक्यावरचा अजिंक्यतारा आधी डोळ्यांसमोर येतो. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने याच गडाच्या मंगळाई बुरुजाखाली सुरुंग उडवले होते. पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. आज पहाटे फिरायला येणाऱ्या सातारकरांनी गडाची वाट रोज गजबजलेली असते, त्यामुळे नवख्यासाठी ती सोयीची. मात्र तट, बुरूज, तळी यांपासून डबा लांबच हवा. गुप्तधनाच्या हव्यासापायी महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांवर लोकांनी खणाखणी केली आहे. तटाच्या सांदीत डबा लपवून तिथले दगड हलवायला कुणाला निमित्त देणे मुळीच बरे नाही. शिवाय बेवारस डबा दिसला की आपल्याकडे पोलिसांना फोन जातो, आणि तो जायलाच हवा. डबा पारदर्शक असावा, वर तो कशाचा आहे हे मराठीत ठळक लिहिलेले असावे.

यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर पोहोचले की हिशेब पुरता बदलतो. जांभ्या दगडाच्या या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्यात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशी इवली रोपे पावसाळ्यात उगवून फुलतात आणि वाळून जातात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. वायतुरा या पाणवनस्पतीची सातारी जात तर जगात फक्त सह्याद्रीच्या अशा सड्यांवर सापडते. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली कासचा समावेश झाला. इथे एक पाऊल वाटेबाहेर पडले तरी नुकसान होते. कासवर डबा नकोच.

डब्याविना खेळायचा प्रकार मात्र इथे शोभून दिसेल. २००४ पासून चालू असलेल्या अर्थकॅशमध्ये लपवलेले काहीच नसते. ठरलेल्या जागी उभे राहून भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे निरीक्षणाने द्यायची असतात. जांभ्याला भोके का, त्याखालच्या काळ्या बेसाल्टपासून तो बनला कसा, सड्यावर पाणी साचून का राहते, असे प्रश्न आखलेल्या वाटेवरूनच विचारता येतात. शाळेच्या सहलीला यापरता चांगला धडा कुठला?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्रात परवानगीशिवाय प्रवेश नाही. बामणोलीहून होडीने वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांच्या पिशवीतले प्लास्टिक वनखाते मोजून घेते, ते परत आणावे लागते. तिथे डबा ठेवून येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. राखीव वनात परिक्षेत्र वनअधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, गावाच्या किंवा देवस्थानच्या जागेत ग्रामपंचायत व विश्वस्तांना विचारावे. देवराईतली काडीसुद्धा न उचलण्याचा गावोगावचा दंडक पाहुण्यालाही लागू आहे.

डब्याची निगा ठेवणाऱ्याकडेच असते. पावसाळ्यात वही भिजते, उन्हाळ्यात वणव्यात प्लास्टिक वितळते. म्हणून मृगाआधी आणि दिवाळीनंतर एकेक फेरी हवी. जाताना कचरा वेचून आणायची चाल २००२ पासून जगभरच्या जिओकॅशरांनी मोहिमेसारखी पाळली आहे. छंद सोडला, गाव सोडले, तर नोंद बंद करून डबा स्वतः उचलून आणायचा असतो.