वनस्पतींमधले हृदयरक्षक घटक : मुद्दा 'केव्हा' दिले याचा

अडलेली रक्तवाहिनी मोकळी झाली की हृदयाचे नुकसान थांबले, हा समज १९६० च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी मोडला. रक्त परत आल्यावर काही पेशी उलट जास्त झपाट्याने मेल्या. या दुसऱ्या माराला आवर घालण्यासाठी पुढे वनस्पतींकडे पाहिले गेले. १९९२ नंतर, फ्रेंच लोकांच्या हृदयाचे श्रेय रेड वाईनला देणारी मांडणी गाजली आणि द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचे दिवस पालटले. पाठोपाठ कांदा-सफरचंदातले क्वेरसेटिन आणि हळदीतले कर्क्युमिन आले.

खरा घोळ 'संरक्षण' या शब्दात आहे. नेहमीचा प्रयोग असा : उंदराला काही दिवस घटक खाऊ घालायचा, मग त्याचे हृदय काढून नळीवर टांगायचे. नळीतून हृदयाला मिळणाऱ्या पोषक द्रवाचा प्रवाह अर्धा तास बंद, नंतर दोन तास चालू. शेवटी हृदयाच्या चकत्या रंगद्रव्यात बुडवतात. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. फिकट भाग घटला की लिहायचे, 'संरक्षण मिळाले'. पण माणूस दवाखान्यात येतो तो झटका आल्यावर. आठवडाभर आधी त्याला औषध कोण देणार?

या घटकांचे काम कसे चालते, याच्या स्पष्टीकरणानेही तोच पेच वाढवला. आधी म्हणत, हे अँटिऑक्सिडंट मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, टिपून घेतात. पण थेट तेच काम करणारे एक एन्झाइम १९९४ मध्ये रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा फायदा दिसला नाही. आता जास्त मानले जाते ते असे की हे घटक पेशीला जरासे डिवचतात आणि तिची स्वतःची संरक्षक जनुके जागी करतात. त्याला वेळ लागतो, म्हणजे पुन्हा 'आधी'च.

२०१२ चा धक्का वेगळाच. रेस्व्हेराट्रॉलवर भरपूर लिहिणाऱ्या एका अमेरिकी संशोधकाच्या कामात विदा (डेटा) बनावट किंवा फिरवलेली असल्याची १४५ प्रकरणे त्याच्याच विद्यापीठाच्या चौकशीत निघाली. पुरावा म्हणून छापलेली, पेशीतली प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चित्रे जोडतोड केलेली होती. त्याने आरोप नाकारले. इतर प्रयोगशाळांचे निष्कर्ष त्यावर उभे नव्हते, तरी संशय सगळ्यांच्याच वाट्याला आला, आणि माझ्या मते तो अगदीच अनाठायी नव्हता.

२०२३ मध्ये एका पारंपरिक चिनी औषधाची चीनमधली ३,७९७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. इथे औषध झटक्यानंतर, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिले होते. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटनांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. 'केव्हा'चा प्रश्न इथे सुटला खरा, पण ते औषध म्हणजे अनेक वनस्पतींचे मिश्रण, आणि त्यात विंचू, जळू, झुरळसुद्धा. यश नेमके कोणत्या घटकाच्या नावे मांडायचे, हे त्या आकड्यांतून निघत नाही.