मुंबईतली प्रोबेटची दप्तरे : सक्ती कुठून आली आणि कागद कुठे साचले

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधले कलम २१३ वगळले आणि मुंबईतली प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला घेण्याची, सक्ती संपली. चर्चा झाली ती वारसांचा वेळ आणि खर्च किती वाचेल याची. दुसरी बाजू फारशी कुणी मांडली नाही. मुंबईतल्या घराण्यांची मृत्युपत्रे न्यायालयात सलग जमा होत गेली ती या सक्तीमुळेच. ज्याला जुने मृत्युपत्र शोधायचे आहे, त्याला सक्ती कुणावर होती, कधीपासून होती आणि कोणत्या हद्दीत होती हे कळल्याशिवाय योग्य दप्तर सापडत नाही.

मुंबईत प्रोबेट देण्याचे काम १७२६ च्या सनदेने आलेल्या मेयर कोर्टापासून चालत आले. पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डर कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून उच्च न्यायालय. कंपनीच्या काळातल्या मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या याद्यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यात बहुतेक युरोपीय नावे भेटतात.

हिंदू कुटुंबांसाठी खरे वळण १८७० चे. त्या वर्षीचा हिंदू मृत्युपत्र कायदा बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई ही शहरे एवढ्यांनाच लागू झाला. १ सप्टेंबर १८७० ही त्याची तारीख १९२५ च्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये जशीच्या तशी उतरली. पुणे, सातारा, नाशिक त्या हद्दीबाहेर राहिले, आणि तेव्हा आखलेली ती रेघ पुढे दीडशेहून अधिक वर्षे टिकली.

‘प्रोबेट मुंबईत लागते, पुण्यात लागत नाही’ हे वाक्य प्रत्येक वारसाने ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे, आणि त्याच्या भरवशावर चुकीच्या न्यायालयात शोध घेणारे पुष्कळ. हिंदूंच्या बाबतीत सक्ती कुणावर हे कलम ५७ वरून ठरे, आणि त्याचे दोन खंड स्वतंत्रपणे वाचावे लागतात. खंड (अ) मृत्युपत्र कुठे केले ते पाहतो. मुंबईच्या हद्दीत ते केले गेले असेल, तर त्यातली शेतजमीन कराड तालुक्यात असली तरी सक्ती लागू होई. खंड (ब) स्थावर मालमत्ता कुठे आहे ते पाहतो. मृत्युपत्र पुण्यात केले, पण त्यात दादरचे घर आहे, तर त्या घरापुरती सक्ती आली. मृत्युपत्र पुण्यात आणि मालमत्ताही पुण्यातच असेल तर खंड (क), आणि तिथे सक्ती नाही. मृत व्यक्ती राहत कुठे होती, हा प्रश्न सक्तीच्या या कसोटीत येतच नाही. म्हणून कुटुंबाकडे मृत्युपत्राची साधी प्रत असेल तर आधी शेवटच्या पानावरचे सहीचे ठिकाण पाहावे, मग मालमत्तेचे वर्णन.

दुसरा गोंधळ कलम २१३ च्या परिणामाचा. प्रोबेट नसेल तर मृत्युपत्र रद्द ठरते, असे ते कलम कधीच म्हणत नव्हते. एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यात नेमलेली व्यक्ती) किंवा लाभार्थी म्हणून आपला हक्क न्यायालयात सिद्ध करता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. भावंडांत वाद नसेल, सोसायटीने भाग हस्तांतरित करून दिला असेल, तर मुंबईतलेही मृत्युपत्र न्यायालयाची पायरी न चढता अमलात येई. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या दप्तरात नोंद नाही म्हणजे मृत्युपत्रच नव्हते, हा निष्कर्ष चूक ठरतो. उलट पुण्यासारख्या ठिकाणी सक्ती नसताना बँकांनी आणि सोसायट्यांनी प्रोबेट मागितल्यामुळे झालेली प्रकरणे जिल्हा न्यायालयांत भेटतात.

ही सक्ती धर्मनिहाय वेगळी होती, आणि शोधात त्याचा थेट उपयोग होतो. मुसलमानांना कलम २१३ कधीच लागू नव्हते. पारशांना १९६२ च्या दुरुस्तीपूर्वी ते सर्वत्र लागू होते, त्या दुरुस्तीनंतर वारलेल्यांच्या मृत्युपत्रांसाठी ते मुंबई, कोलकाता, चेन्नई या उच्च न्यायालयांच्या मूळ हद्दींपुरते, म्हणजे जिथले दावे थेट उच्च न्यायालयात दाखल होतात त्या भागांपुरते, उरले. भारतीय ख्रिस्ती लोकांना २००२ मध्ये सूट मिळाली. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबाचे १९७० च्या सुमाराचे मृत्युपत्र न्यायालयात असण्याची शक्यता म्हणूनच बरीच, आणि २००२ नंतरचे असण्याची कमी.

‘मुंबईची हद्द’ हीदेखील स्थिर गोष्ट नव्हे. उच्च न्यायालयाचे मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र आधी बेटापुरते होते. १९४५ च्या बृहन्मुंबईविषयक कायद्याने आणि नंतरच्या विस्तारांनी ते उपनगरांपर्यंत गेले. साष्टी, म्हणजे आजची उपनगरे ज्यावर आहेत ते बेट, १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. अंधेरी, कुर्ला किंवा बोरिवलीच्या जुन्या मालमत्तेचे मृत्युपत्र फोर्टमधल्या उच्च न्यायालयात सापडले नाही, तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात पाहावे.

शोधाचा क्रम असा ठेवावा. मृत्यूची तारीख हातात असली तरी अर्जाचे वर्ष तेच धरू नये. बहुतेक अर्ज दोन-तीन वर्षांत होतात, पण घर विकायची वेळ आली तेव्हा, वीस-तीस वर्षांनी, केलेलेही पुष्कळ असतात. उच्च न्यायालयात मूळ शाखेच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रविषयक) विभागात वर्षवार अनुक्रमणिका मृताच्या नावाने पाहावी. नाव, आडनाव आणि प्रचलित नाव यांनी वेगवेगळे शोधावे. इंग्रजी लेखनात एकच आडनाव तीन तऱ्हांनी आलेले असते, आणि स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव उर्फ लावून येते. फक्त ‘प्रोबेट’ शोधून थांबू नये. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेला नसेल, किंवा तो आधीच वारला असेल, तर दुसऱ्या कुणाला मालमत्तेचा कारभार सोपवणारी, मृत्युपत्र जोडलेली लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन निघतात. मृत्युपत्र नसलेल्या प्रकरणात साधी लेटर्स निघतात. कुणी कॅव्हेट (हरकतीची सूचना) घालून विरोध केला की पिटिशनचे रूपांतर टेस्टामेंटरी दाव्यात होते आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. अशा वेळी दोन्ही क्रमांक टिपून घ्यावेत, कारण साक्षी-पुरावे एकीकडे आणि मूळ अर्ज दुसरीकडे बांधलेला असू शकतो.

जिल्ह्यांत अधिकार जिल्हा न्यायाधीशांचा. पण मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याच्या कलम २८-अ खाली तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांना दिलेला असतो, म्हणून तिथलीही नोंदवही मागावी. प्रकरण बहुधा किरकोळ अर्ज म्हणून नोंदलेले असते. ई-कोर्टवर अलीकडची प्रकरणे मिळतात, जुन्यांसाठी अभिलेख कक्ष हाच मार्ग. नक्कल अर्जात पक्षकार नसलेल्याने आपला संबंध आणि कारण स्पष्ट लिहावे, मृत्यू दाखला जोडावा. ‘संपूर्ण प्रकरण’ असे मोघम न मागता अर्ज, मृत्युपत्र, साक्षीदाराचे शपथपत्र, मालमत्तेची परिशिष्टे, वारसांची संमतिपत्रे, आदेश अशी नावे घालून मागावे. मोघम अर्जावर अनेकदा नुसत्या आदेशाची नक्कल हाती येते.

फाइलमधले सर्वांत मोलाचे पान बहुधा वारसांच्या यादीचे असते : नाव, वय, नाते, पत्ता. मृत्यूनंतर तीन वर्षांहून उशिरा आलेल्या उच्च न्यायालयातल्या अर्जात उशिराचे कारण द्यावे लागते. त्या परिच्छेदात मधल्या काळातले मृत्यू, स्थलांतरे, वाटण्या असे बरेच सापडते. परिशिष्ट अ मध्ये मालमत्ता आणि तिचे मूल्य, परिशिष्ट ब मध्ये कर्जे आणि अंत्यविधीचा खर्च. हे मूल्यांकन न्यायालयीन शुल्कासाठी केलेले असते, त्याला बाजारभाव मानू नये. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब दाखल करायचा असतो. हे कागद पुष्कळ फायलींत नसतातच, त्यामुळे ते नाहीत म्हणून फाइल गहाळ समजू नये. मूळ मृत्युपत्र मात्र कलम २९४ प्रमाणे न्यायालयाने जतन करायचे असते. ते मराठी, गुजराती किंवा मोडीत असेल आणि सोबत भाषांतर असेल, तर दोन्हींच्या नकला घ्याव्यात.

जुन्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला वेगळा. तो मालकी देत नाही, सध्या मालमत्तेचा कारभार कायदेशीरपणे कुणाकडे आहे एवढेच दाखवतो. उत्तराधिकार प्रमाणपत्र फक्त येणी आणि रोख्यांपुरते. तलाठ्याची वारस नोंद महसुली. या तिन्हींची कागदपत्रे वेगवेगळ्या नोंदींत असतात, आणि प्रोबेट सापडले नाही तर तिन्ही पाहावीत.

गोव्यात हा सगळा मार्गच निराळा. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतली इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची न्यायालयीन रीत, तिथे चालते, आता २०१२ च्या गोवा कायद्याखाली. मालवण-सावंतवाडीकडच्या ज्या कुटुंबांची मालमत्ता सीमेपलीकडेही आहे, त्यांनी तिथल्या दिवाणी न्यायालयातली इन्व्हेंटरी आणि नोटरीची मृत्युपत्रांची पुस्तके पाहावीत.

कलम २१३ गेल्यावरही प्रोबेट ऐच्छिक म्हणून मागता येते आणि आधी मिळालेली प्रोबेट कायम आहेत. पण यापुढे मुंबईतली बिनवादाची मृत्युपत्रे न्यायालयात येणे घटेल. ती नोंदणीकृत असतील तर दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये सापडतील. करणारा हयात असेतो त्याची नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. मृत्यूनंतर मृत्यू दाखला जोडून कुणीही मागू शकतो. नोंदणी मात्र ऐच्छिक आहे, आणि नोंदणी न केलेल्या आणि न्यायालयातही न आलेल्या मृत्युपत्राची सरकारी दप्तरात बहुधा कुठेच नक्कल राहणार नाही.