टायरची ‘ग्रिप’ म्हणजे नक्की काय? दोन टायरच्या तुलनेमागची गोष्ट

दुकानात दोन टायर शेजारी ठेवले की आपण तीनच प्रश्न विचारतो. कितीला, किती किलोमीटर जाईल, आणि ग्रिप कशीये. पहिल्याचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं अंदाजपंचे मिळतं, आणि तिसऱ्याला दुकानदार नक्षीच्या खाचेत बोट घालून दाखवतो, "बघा केवढी खोल आहे, पन्नास हजार कुठं जात नाही." विचारलं होतं रस्ता धरण्याबद्दल, उत्तर आलं टिकण्याबद्दल, आणि दोघंही खूश. हा घोळ आला कुठून ते बघायचं तर थोडं मागे जावं लागतं, पण फार मागे नाही, हवेचा टायर कुणी शोधला वगैरे सगळ्यांना माहितीये.

अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात तुलना करायला फारसं काही नव्हतंच. अँबॅसेडरला ५.९०-१५ मापाचा, पद्मिनीला ५.२०-१४ (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत), दोन्ही तिरक्या धाग्यांचे, ज्याला बाजारात आजही ‘नायलॉन टायर’ म्हणतात. तेव्हा तुलनेचा निकष एकच, प्लाय किती, म्हणजे आत धाग्यांचे थर किती. जास्त प्लाय म्हणजे दणकट, संपला विषय. त्यातही गंमत म्हणजे टायरवर छापलेलं प्लाय रेटिंग आतल्या थरांची संख्या सांगतच नव्हतं, सुती धाग्याच्या काळात एवढ्या थरांनी जेवढी ताकद यायची तेवढी ताकद आहे, एवढाच त्याचा अर्थ. नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढंच काम व्हायला लागलं पण आकडा तसाच राहिला. टायरवरचा आकडा एक सांगतो आणि घेणारा दुसरंच समजतो, ही परंपरा इतकी जुनी आहे.

मग आला रेडियल, म्हणजे आतले धागे तिरके न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरळ आडवे जाणारा टायर. फ्रान्समधल्या एका कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलं, आपल्याकडे तो बनायला लागला सत्तरचं दशक संपता संपता, आणि घराघरात पोचला तो १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली त्याच्याही बऱ्याच नंतर, नव्वदीत नव्या गाड्यांची रांग लागली तेव्हा. पैसे वाचवायला लोक दोन रेडियल आणि दोन नायलॉन असा संसार करायचे, त्यातही नवे रेडियल पुढे लावायचे कारण स्टीअरिंग पुढे. गाडी वळणात मागून सुटायची आणि बोल ड्रायव्हरला बसायचा. तोच वाद आजही चालू आहे. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावा असं फिटर सांगतो आणि मालक म्हणतो गाडी तर पुढून ओढते. ओल्यात मागचे टायर आधी सुटले तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं, त्यामुळे इथे फिटरचं ऐकावं.

रेडियल आणि ट्यूबलेस एकच असं मानणारे अजून भेटतात. रेडियल म्हणजे आतले धागे कसे लावलेत ते, ट्यूबलेस म्हणजे हवा कशात धरलीय ते. ट्यूबवाले रेडियल २००० नंतरही कितीतरी गाड्यांना होते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि आपल्याकडच्या टायरला पहिल्यांदा तासभर सलग शंभरने पळायची वेळ आली. मग ‘टायर फुटला’ हे अपघाताच्या बातमीतलं ठरलेलं कारण झालं. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाल्यावर तर काँक्रीटमुळेच टायर फुटतात असं सगळीकडे फिरायला लागलं. २०२३ मध्ये तिथे गाड्या आत सोडण्याआधी टायर तपासायला सुरुवात झाली, गोटा झालेले टायर असतील तर परत पाठवत होते. आता बघा, साध्या हॅचबॅकच्या टायरवर मापाच्या आकड्यांच्या शेवटी T असतो, म्हणजे ताशी १९० पर्यंत चालेल, S असला तरी १८०, आणि समृद्धीवर कारला मर्यादा १२० ची. वेग टायरच्या आवाक्यातलाच आहे. फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी म्हणून. कमी हवेने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दर फेरीला जास्त वाकते, वाकून वाकून तापते, आणि आत एखादा जुना मार असेल तर तिथून जाते. खड्ड्याने साइडवॉलला फुगा आलेला टायर "अजून महिनाभर चालेल" म्हणून त्याच रस्त्यावर नेणारे लोक मी पाहिलेत. मीही नेलाय एकदा, नगरपर्यंत, पूर्ण वेळ ऐंशीच्या आत, आणि पूर्ण वेळ कान डाव्या पुढच्या चाकाकडे.

असो, ग्रिपवर येऊ.

मराठीत आपण ग्रिप म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा नक्षीची खोली म्हणत असतो. "ग्रिप संपली" म्हणजे टायर गोटा झाला. खोलीचं काम खरं आहे पण वेगळं आहे, चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं. म्हणून तर खाचेत १.६ मिलिमीटरच्या खुणा दिलेल्या असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की कायद्याने टायर संपला. पण रस्ता धरतं ते रबर स्वतः, त्याचं मिश्रण, ज्याला दुकानात कंपाउंड म्हणतात. खोल नक्षीचा कडक टायर पहिल्या पावसात, म्हणजे रस्त्यावर धूळ-तेलाचा साबण झालेला असतो तेव्हा, कुंभार्ली घाटात आरामात घसरू शकतो आणि त्याच्या निम्मी नक्षी उरलेला मऊ टायर तिथेच थांबू शकतो. जुने दुकानदार म्हणूनच अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघतात. शास्त्रीय नाही, पण निदान प्रश्न बरोबर आहे.

आता कंपनी मऊ रबर का देत नाही? कारण मऊ रबर लवकर झिजतं आणि पेट्रोल खातं. चाक फिरताना रबर दबतं-सुटतं, दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. आणि ब्रेक लावल्यावर रस्ता धरायलाही रबराने अशीच ऊर्जा गिळावी लागते. म्हणजे जे गिळणं एरवी नको तेच ब्रेक मारताना हवं. ग्रिप, मायलेज, आयुष्य, या तिघांपैकी एकाला खूश केलं की दुसरा रुसतो. यातून वाट निघाली ती १९९२ साली, त्याच फ्रेंच कंपनीने रबरात मिसळायच्या काळ्या कार्बनऐवजी बऱ्याच अंशी सिलिका (वाळूत असते तीच) घातलेला टायर काढला तेव्हा. युक्ती अशी की ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरतं, म्हणजे मायलेज खाणारं दबणं तेवढ्याच वेळा, पण ब्रेकमध्ये रस्त्याचे बारीक खडे रबराला सेकंदाला हजारो वेळा चिमटे काढतात. सिलिकावालं रबर हळू दबण्यात कमी गिळतं आणि भरभर चिमट्यांत जास्त. ओल्या रस्त्यावरची पकड आणि मायलेज पहिल्यांदाच एकत्र नांदायला लागले.

पण आपल्याकडे गणित वेगळं होतं. टायर कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक गाडी बनवणारी कंपनी, तिला जाहिरातीतल्या मायलेजचा आकडा हवा. दुसरं गिऱ्हाईक आपण, आपल्याला किलोमीटर हवेत. ओल्यातली पकड मागणारं कुणी नव्हतंच. त्यामुळे गाडीबरोबर आलेला टायर आणि त्याच नावाचा दुकानातला टायर यांचं कंपाउंड एकच असेल याचीही खात्री नाही, आणि दोन मॉडेलची तुलना करणारे अर्ध्या वेळा तिथेच फसतात.

कायदा पकडीपर्यंत पोचायला खूप वर्षं गेली. आधी आयएसआय मार्क सक्तीचा झाला, २००९ च्या आदेशाने, कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक. तो मुख्यतः टायर मापात आहे का, भार आणि वेग सोसतो का, हे बघतो. ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा आल्या थेट २०२२ च्या अधिसूचनेने: नव्या डिझाइनला १ ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून बनणाऱ्यांना पकड आणि रेझिस्टन्ससाठी १ एप्रिल २०२३ पासून.

या निर्णयाचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि तरी मला तो अर्धाच वाटतो. सांगतो का. ओल्या पकडीची चाचणी अशी असते की साधारण एक मिलिमीटर पाण्याच्या थरावर गाडी ऐंशीवरून वीसवर आणायची आणि एका ठरलेल्या संदर्भ टायरशी तुलना करायची. संदर्भ टायर १ धरला तर नेहमीच्या कार टायरला किमान १.१ लागतो. युरोपातही पास व्हायचा आकडा हाच, पण तिथे २०१२ च्या नोव्हेंबरपासून टायरवर लेबल असतं आणि पास झालेल्यांनाही श्रेणी मिळते. १.१० ते १.२४ ला आज D आणि १.५५ च्या वर A. आता १.५५ वाला ज्या वेगबदलाला ३० मीटर घेईल त्याला १.१ वाला जवळजवळ ४२ घेईल. मध्ये तीन हॅचबॅक उभ्या राहतील! आपल्या नियमात हे दोन्ही टायर पास, आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर फरक कळायला काही साधन नाही.

बरं, तारे आहेत. फ्रीज-एसीसारखं स्टार लेबल टायरलाही आलं, ऐच्छिक. पण ते तारे मुख्यतः रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे इंधनाचे. पंचतारांकित टायर बघून "एकदम सेफ" म्हणणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत, कारण गाडीच्या क्रॅश टेस्टचेही पाच तारे असतात ना. पेट्रोल वाचवणारा टायर पकडीत वाईटच असतो असं मुळीच नाही, पण तारे ते सांगत नाहीत. बाहेरून आलेल्या काही टायरवर ते युरोपचं लेबल चिकटवलेलं येतं. गेल्या वर्षी माझ्यासमोर फिटरने ते नखाने सोलून टाकलं. "थांबा थांबा" म्हणेपर्यंत बोळा झाला होता.

टायरवरच्या दर्ज्यांवरून भांडणं होणंही नवं नाही. अमेरिकेत १९७९-८० पासून टायरवर ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड) आणि टेंपरेचर (उष्णता सोसणं) असे तीन दर्जे येतात, आपल्याकडच्याही बऱ्याच टायरवर ते छापलेले सापडतील, ‘ट्रेडवेअर ४००’ वगैरे. चाचणी टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर, ७,२०० मैल, आणि आकडा कंपनीने स्वतः द्यायचा. १९८३ मध्ये सरकारनेच हा झिजेचा दर्जा भरवशाचा नाही म्हणून स्थगित केला, ग्राहकांच्या बाजूचे लोक कोर्टात गेले आणि १९८४ मध्ये तो परत आला. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ आजही ट्रेडवेअर बघून टायर घेतो. ४०० म्हणजे चाळीस हजार मैल असा त्याचा हिशोब, जो त्या आकड्याचा अर्थच नाही. संदर्भ टायरच्या चौपट टिकला एवढंच. आणि ट्रॅक्शनचा A मिळतो तो सरळ रेषेत, चाक लॉक करून. वळणातल्या पकडीबद्दल तो गप्प.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब मांडून बघायलाच हवा, लोक टायरची किंमत बघून थांबतात. समजा एक पाच हजाराचा, पन्नास हजार किलोमीटर जाणारा. दुसरा साडेसहा हजाराचा, चाळीसच जाणारा पण रेझिस्टन्स कमी. चार टायरचा सेट धरला तर पहिला किलोमीटरला ४० पैसे, दुसरा ६५. गाडी पंधराचं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं तर किलोमीटरला इंधनच ६ रुपये ६७ पैसे, त्यात ३ टक्के वाचले तर २० पैसे. म्हणजे दुसरा खरा ४५ पैशाला पडला. फरक पाच पैशाचा, पन्नास हजारात अडीच हजार रुपये. ओल्यात दहा मीटर आधी थांबत असेल तर मी ते अडीच हजार डोळे झाकून देईन, पण थांबतो का ते कळायला आकडा हवा आणि गाडी पुन्हा तिथेच येऊन अडते.

शिळ्या टायरचाही खर्च धरा. साइडवॉलवर चार अंकी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. डिसेंबर २०२२ मध्ये मला ‘नवा’ म्हणून ३१२० वाला टायर बसवला, म्हणजे सव्वादोन वर्षं गोदामात पडलेला. घरी येऊन बघितलं. आधी बघायला हवं होतं.

जून २०२० मध्ये टायरची आयात परवान्याखाली आली, त्याने काही काळ परदेशी मॉडेल मिळणं मुश्किल झालं आणि ज्यांना पकडवाला टायर हवा त्यांच्या यादीतली दोन-चार नावं गेली. त्याच वर्षी ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि रिपेअर किट असेल तर कारला स्टेपनीची सक्ती १ ऑक्टोबरपासून उठली. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, तिथे १९०४ च्या सुमाराला जास्तीचं चाक विकायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये आता तो शब्द कुणी वापरत नाही, आपण वापरतो.) चार टायरचा सेट की पाचाचा, हा प्रश्न त्यामुळे आता गाडीगणिक बदलतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दरम्यान इलेक्ट्रिक गाड्यांनी ग्रिप, मायलेज आणि आयुष्य या तिघांचं भांडण नव्याने पेटवलंय. बॅटरीमुळे गाडी जड, त्यामुळे भाराचा आकडा मोठा लागतो. पायाखाली टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, लगेच, त्यामुळे टायर भराभर झिजतो. आणि एका चार्जमधली रेंज वाढवायला रोलिंग रेझिस्टन्स कमीत कमी. त्या टायरचे तारे मोजायला लेबल आहे, पावसात ऐंशीवरून वीसवर यायला त्याला किती मीटर लागतात ते अजून दुकानदाराच्या नखावरच आहे.